हाराच्या फोटोला पैसे पडत नाहीत

कोपरला स्टेशनच्या रस्त्यावर आमचे गाळे आहेत. त्यातल्या एका गाळ्यात बरीच वर्षं एक फोटोवाला होता. त्याच्या दुकानात भिंतभर फोटो टांगलेले, पण सगळे भिंतीकडे तोंड करून. आत शिरलं की नुसत्या फ्रेमच्या पाठी दिसायच्या. पिवळट पुठ्ठा आणि त्यावर काळ्या पेनाने लिहिलेली किंमत. गिऱ्हाइकाने आधी किंमत वाचायची. परवडत असेल तर बोट दाखवायचं. मग तो फ्रेम सुलटी करणार.

"आधी बघू तर द्या," लोक म्हणायचे.

"बघितल्यावर तुम्ही खोटं बोलाल," तो म्हणायचा. "आवडला तरी नाक मुरडाल, भाव पाडायला. आधी किंमत ऐका."

हे त्याचं खरं होतं. मी तरुणपणी डोंबिवलीच्या बाजारात बसून भाजी विकली आहे. ज्या बाईला जुडी आवडते तीच बाई जुडीला नावं ठेवते. पण म्हणून भाजी झाकून ठेवून कोणी विकत नाही. माणूस वेडा आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि तरी गाळा दिला, कारण वेडी माणसं भांडत नाहीत असा माझा समज होता.

तो ठाकुर्लीला राहायचा. बँकेतली नोकरी सोडून फोटोच्या नादाला लागलेला. बोलणं पुस्तकातल्यासारखं. मला 'मालकीणबाई' म्हणायचा आणि मी त्याला 'अरे फोटोवाल्या'. वयाने माझ्यापेक्षा फार लहान नव्हता, पण भाडेकरूला मी कधी अहोजाहो केलं नाही.

त्याच्या सगळ्या किमती सव्वाच्या. सव्वाशे, सव्वा हजार, सव्वा पाच हजार. मी एकदा विचारलं, हे काय, तुझं दुकान आहे की देऊळ?

"मालकीणबाई, हजार म्हटलं की माणूस आठशे म्हणतो. सव्वा हजार म्हटलं की त्याला देवाचं वाटतं. देवाशी कोणी घासाघीस करत नाही."

"आणि नाही घेतला तर?"

"तर देवाचाच राहिला."

सगळे देवाचेच राहायचे. एकदा ठाण्याला कुठल्याशा हॉलमध्ये त्याने फोटो मांडले होते. तिथे तरी सुलटे लावलेस का, मी विचारलं. नाही, तिथेही उलटेच. एका माणसाने एक फ्रेम विकत घेतली, आतला फोटो काढून ह्याच्या हातात परत दिला आणि रिकामी फ्रेम घेऊन गेला. त्याला घरी गणपतीच्या तसबिरीला तेवढीच हवी होती. मी हसून बेजार झाले. तो हसला नाही, रागावलाही नाही. "त्याने फ्रेमची किंमत केली, फोटोची नाही केली," म्हणाला. "सरळ माणूस होता."

त्याचं पोट चालायचं ते पासपोर्टच्या फोटोंवर आणि लग्नांवर. तिसरं एक काम होतं, त्याचे तो पैसे घ्यायचा नाही. कोणाच्या घरी कोणी गेलं की लोक धावत यायचे, हातात कसलातरी घोळक्याचा फोटो घेऊन. "ह्यातला हा कोपऱ्यातला. एवढाच आहे. मोठा करून द्या, हार घालायचाय." तो हातातलं काम टाकून ते करायचा. फ्रेम करून, काच पुसून द्यायचा. कोणी पैसे खिशात कोंबले तर रस्त्यावर मागे धावत जाऊन परत करायचा.

"हाराच्या फोटोला पैसे पडत नाहीत," असं तो म्हणायचा. मला वाटलं पुण्य कमावतोय. तसं विचारलं तर उखडला.

"पुण्य कसलं? मयताच्या फोटोला माणूस भाव करत नाही. मी मागेन ते देईल. ज्याला घासाघीस करता येत नाही त्याला किंमत सांगणं ही चोरी आहे."

आमच्यातलं भांडण ह्याच नियमावरून झालं.

झालं असं. मागच्या भिंतीला ओल आलेली. गवंड्याला दाखवायला मी आत गेले आणि भिंत मोकळी करायला एक फ्रेम खिळ्यावरून काढली. तो दुकानभर ओरडला, "किंमत वाचलीत का?"

"गाळा माझा, भिंत माझी, खिळा माझा," मी म्हटलं आणि फ्रेम सुलटी केली.

फोटो मिठागराचा होता. मागे पांढऱ्या राशी, मध्ये अरुंद बांध, आणि बांधावरून एक बाई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन समोर येतेय. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, एक हात टोपलीला, तोंड उघडं.

ती मी होते.

लग्न झाल्यावर मी सासूबरोबर मिठागरात जायची. एक दिवस कोणी कॉलेजातला पोरगा गळ्यात कॅमेरा अडकवून बांधावर उभा राहिलेला. बांधावर एका वेळी एकच माणूस मावतं. माझ्या डोक्यावर ओझं, पायाला मिठाने पडलेल्या चिरा, आणि हा मधोमध. मी ओरडले, "बाजूला हो, मेल्या!" तो चिखलात उतरला. नंतर मी त्याला विसरून गेले. तो हाच असेल हे मला कसं कळणार? आणि माझ्या गाळ्यात बसून मी कोण हे त्यालाही कळलेलं नव्हतं.

"ही मी आहे," मी म्हटलं.

"कशावरून?"

मी त्याच्यासमोर हात धरला. कोपराच्या खाली माझ्या हातावर तुळशीचं झाड गोंदलंय. गोंदताना दुखलं म्हणून मी हात हिसकला, तेव्हा एका बाजूची पानं राहून गेली. अर्धं झाड आहे. त्याने भिंग काढलं. फोटोतला हात बघितला, माझा हात बघितला, परत फोटो बघितला.

"तुम्हीच," तो म्हणाला.

"मग दे. मी मेल्यावर हार घालायला हा पाहिजे."

माझे जुने फोटोच नाहीत. लग्नातही काढलेले नाहीत. आहे तो आधार कार्डावरचा, त्यात पोलिसाने पकडून आणलेल्या चोरासारखी दिसते. त्याच तोंडाला हार घालून घरचे सगळे वर्षानुवर्षं बघणार, हे मला बरेच दिवस खात होतं.

"हाराच्या फोटोला पैसे नाहीत ना? मग दे," मी म्हटलं.

"नाहीतच. पण मालकीणबाई, तुम्ही जिवंत आहात."

"म्हणजे मेल्यावर देशील?"

"त्याच दिवशी. काच पुसून."

"आणि आज?"

त्याने फ्रेम उलटी केली. सव्वा हजार खोडून वर सव्वा लाख लिहिलेले होते.

"हे कधी वाढवलेस?"

"खाडीचं पाणी गाळ्यात शिरलं, निगेटिव्हची पेटी गेली, त्या दिवशी. आता हा एकच. मिठागर राहिलं नाही. तुम्हीही तशा राहिला नाहीत. दुसरा काढता येत होता तोवर स्वस्त होता."

"मना नको शिकवू. माझं तोंड, माझा घाम, आणि पैसे मीच द्यायचे?"

"तोंडाचे नाही मागत. मी तिथे उभा होतो त्याचे मागतो."

"माझ्या वाटेत उभा होतास!"

"म्हणून तर फोटो आला."

मुलं म्हणाली, आई, देऊन टाकू, आपल्याला काय जड आहे? जड नव्हतं. आमच्या जमिनी गेल्या आणि पैसा आलेला. पण स्वतःचं तोंड विकत घेणारी बाई मी ऐकली नव्हती. सून म्हणाली, "आई, मोबाइलवर काढून घेऊ ना. फोटोचा फोटो." त्याला विचारलं तर म्हणाला, खुशाल काढा. तिने काढला. काचेत ट्यूबलाइट आली आणि सुनेचा मोबाइलही आला. माझ्या टोपलीत ट्यूबलाइट.

"तोवर दुसऱ्या कोणी घेतला तर?" मी त्याला विचारलं.

"तर गेला. राखून ठेवायचा असेल तर विसार द्या."

विसार आम्ही जमिनीला देतो. माझं डोकं फिरलं. "गाळा खाली कर," मी म्हटलं. "ह्या महिन्यात."

मला वाटलं, पाया पडेल. तो उठला आणि खोकी काढून फ्रेमा भरायला लागला. दोन खोकी भरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा गेला की फोटोही गेला.

"राहू दे," मी म्हटलं. "पावसाळा जाऊ दे."

त्याने खोकी रिकामी करून सगळ्या फ्रेमा होत्या तिथे टांगल्या. त्या दिवसापासून मला सुख नव्हतं. सकाळी चहा झाला की मी गाळ्यांवरून चक्कर मारायची आणि बाहेरूनच मागच्या भिंतीवरचा तो खिळा बघायची. पाठ दिसली, सव्वा लाख दिसले, की घरी यायची. दुकानात कोणी जास्त वेळ थांबलं की मी काहीतरी निमित्त काढून आत डोकवायची. मरणाची मी कधी घाई केली नाही. पण मी आधी जाते की फोटो आधी जातो, असं होऊन बसलेलं.

फोटो आधी गेला.

खाडीच्या अंगाला एक टॉवर उभा राहत होता. त्याचा बिल्डर एक दिवस गाडीतून उतरला. बरोबर घरं सजवणारी एक बाई. मी शेजारच्या किराणा दुकानात बसले होते, उठून मागोमाग आत गेले. बिल्डरने भिंतीवर नजर फिरवली आणि थेट सव्वा लाखावर बोट ठेवलं. ही श्रीमंतांची रीत, सगळ्यात महाग ते आधी बघायचं. फोटोवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि फ्रेम सुलटी केली.

"अय्या, काय आनंद आहे चेहऱ्यावर!" ती बाई म्हणाली. "गातेय ती. मिठागरातलं गाणं असणार."

"बाजूला हो मेल्या, असं म्हणतेय ती," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय.

"लॉबीत लावायचाय," बिल्डर म्हणाला. "दीड बाय दोन फूट आहे. म्हणजे तीन फूट. मास्तर, फुटाला चाळीस हजार लावता? आमचा फ्लॅटसुद्धा एवढा नाही."

"तुमच्या टॉवरमध्ये खाडी दिसणाऱ्या फ्लॅटला जास्त लावता ना?"

"लावणारच. व्ह्यूचे."

"खिडकी तर तेवढीच असते."

"अहो, दिसतं काय त्याचे पैसे!"

"मग मीही त्याचेच घेतो."

बिल्डर मोठ्याने हसला. "सव्वा आहे म्हणून देतो. देवाला दिले समजतो." त्याने उभ्या उभ्या चेक फाडला.

मी दारात आडवी उभी राहिले. "अरे, त्यांना सांग तरी ती कोण आहे."

"किंमत दिली की मी माणूस बघत नाही," फोटोवाला म्हणाला. "मालकीणबाई, बाजूला व्हा."

मी बाजूला झाले. ते फ्रेम घेऊन गेले.

पुढे बरेच दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. रस्त्यावरून जाताना तिकडे बघायची नाही, पण एक दिवस नजर गेलीच. त्या खिळ्यावर आता दुसरी फ्रेम होती, आणि ती सुलटी होती. दुकानात सुलटी असलेली ती पहिलीच. आत बिल्डरच्या चेकची झेरॉक्स. सांगितली ती किंमत त्याला जन्मात एकदाच मिळाली होती आणि ती त्याने फोटोसारखी लावली होती. मला राग आला. आणि हेही कळलं की हा माणूस त्या एका कागदासाठी इतकी वर्षं उलट्या फ्रेमा घेऊन बसला होता.

माझ्या धाकट्याने त्याच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. दसऱ्याला चावी मिळणार म्हणून आम्ही सगळे गेलो. लॉबी देवळासारखी चकचकीत. बिल्डरची माणसं पेढे वाटत होती. मुहूर्तावर फ्लॅट बुक करायला आलेली माणसं सोफ्यांवर बसलेली. आणि समोरच्या भिंतीवर मी. माझ्या गळ्यात झेंडूचा ताजा हार, काचेवर माझ्या कपाळाला गंध, खाली उदबत्ती.

दसऱ्याला आपल्याकडे गाडीला हार, यंत्राला हार, शटरला हार. त्यांनी फोटोलाही घातला. पण माणसाच्या फोटोला हार घातला की ते माणूस मेलं.

"आजी, चपला तिकडे काढा," वॉचमन म्हणाला. "पाया पडा. शेठच्या आजी आहेत. फार कष्टाळू होत्या."

सून रडायला लागली. "अपशकुन झाला, आई!"

"रडू नको," मी म्हटलं. "अजून ऐकू येतंय मला." पण स्वतःला मेलेलं बघणं काही बरं नसतं.

मी चावीसाठी थांबले नाही. रिक्षा करून गाळ्यावर गेले. इतक्या दिवसांनी मी समोर उभी राहिले तर तो खुर्चीतून उठला.

"माझ्या फोटोला हार घातलाय," मी म्हटलं.

"ताजा की प्लास्टिकचा?"

"ताजा."

"गंध?"

"लावलंय. उदबत्तीपण आहे."

तो खाली बसला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या झेरॉक्सकडे बघितलं. मग त्याने ड्रॉवरमधून चेकबुक काढलं, सव्वा लाखाचा चेक लिहिला, झेरॉक्सची फ्रेम खिळ्यावर उलटी केली आणि म्हणाला, "चला."

लॉबीत बिल्डर गिऱ्हाइकांशी बोलत उभा होता. फोटोवाल्याने चेक पुढे केला. "हे तुमचे पैसे. फोटो काढून द्या."

"मास्तर, आज दसरा आहे. विकलेला माल परत नसतो."

"हार घातल्यावर तो माल राहिला नाही. हाराच्या फोटोचे पैसे मी घेत नाही. घेतले असतील तर परत करतो."

बिल्डरने चेक बघितला. दोन्ही बाजूंनी बघितला. त्याचं डोकं आमच्यापेक्षा भरभर चालतं. "पैसे घ्यायचे नाहीत तर नका घेऊ," तो चेक खिशात घालत म्हणाला. "हाराचा फोटो फुकट असतो ना तुमच्याकडे? मग मला फुकट पडला. पेढा घ्या."

ही पळवाट फोटोवाल्याच्या ध्यानातच आलेली नव्हती. आयुष्यभर नियम पाळणाऱ्या माणसाला त्याच नियमाने धरलं होतं. त्याचे पैसेही गेले, फोटोही गेला. सोफ्यावरची माणसं बघायला लागली.

मी फोटोखाली जाऊन उभी राहिले.

"हाराचा फोटो फुकट असतो तो मयताच्या घरच्यांना," मी म्हटलं. "तू माझा कोण रे?"

"आजी, तुम्ही कोण?"

मी हात वर करून फोटोतल्या हाताला लावला. अर्धी तुळस वर, अर्धी तुळस खाली. "ही मी. हार तू घातलास म्हणजे मी मेले. मग सुतक पाळलंस का? दहावं घातलंस? डोकं भादरलंस का माझ्या नावाने? केस तर चांगले विंचरलेत!"

कोणीतरी हसलं. बिल्डर नाही हसला.

"आजी, हळू बोला," बिल्डर म्हणाला. "लोक आलेत."

"मेलेली बाई हळू कशाला बोलेल? मयत दारात उभं आहे आणि तू पेढे वाटतोस? सुतकात घरं बुक करायला आलात का हो तुम्ही?" हे मी सोफ्यावरच्यांना विचारलं.

एक बाई उठली. तिने नवऱ्याचा शर्ट ओढला. "आपण नंतर येऊ," म्हणाली. तिच्यामागे दुसरी उठली.

"काढ रे!" बिल्डर वॉचमनवर ओरडला. "काढ तो फोटो आधी!"

वॉचमनने चपला काढल्या, स्टुलावर चढला, फोटोला नमस्कार केला आणि खाली उतरवून माझ्या हातात दिला. हार बिल्डरने स्वतः ओढून काढला.

रिक्षात फ्रेम आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी होती. गंध पुसायला फोटोवाल्याने रुमाल काढला. काच पुसून झाली तसा म्हणाला, "मालकीणबाई, मयत म्हणून दिला. परत जिवंत झालात तर किंमत पडेल."

मला वाटलं गंमत करतोय. तोंडाकडे बघितलं, तर नाही.

"जिवंत म्हणजे काय केलं की?" मी विचारलं.

"बघितलात की. फोटो बघण्याचेच पैसे असतात."

"मग नाय बघत," मी म्हटलं आणि फ्रेम मांडीवर उलटी केली.

नंतर तो गेला. त्याच्या मुलीने मोबाइलमधलाच कसलातरी फोटो मोठा करून त्याला हार घातला. नाक पसरलेलं, मागे कोणाचा तरी खांदा. त्याने बघितला असता तर हार काढायला लावला असता. झेरॉक्सची फ्रेम तिने नेली नाही. ती त्याच खिळ्यावर उलटी आहे आणि तिच्या पाठीवर किंमत लिहिलेली नाही. आता गाळ्यात मोबाइलवाला आहे. त्याला मी तो खिळा काढू दिलेला नाही.

माझा फोटो घरी, देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. तोंड भिंतीकडे. येणारे जाणारे पाठीवरचे सव्वा लाख वाचतात आणि हे काय म्हणून विचारतात. आता पैसे मागायला कोणी उरलेलं नाही, सुना म्हणतात, आई, करा ना सुलटा. मी करत नाही. बोली झालेली आहे. मी गेले की सुलटा करा म्हणून सांगून ठेवलंय, आणि हार ताज्या झेंडूचा घाला, प्लास्टिकचा नको. तेव्हा फुकट आहे.